बावीसचे सव्वीस मिली झाले, मग इंजेक्शन लागू पडलं की नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच कळेल. वडील ६४ वर्षांचे, बीपीच्या गोळ्या अधूनमधून सुटायच्या. पहाटे डावा हात आणि पाय गेला. तालुक्याच्या गावी दोन तासांच्या आत सिटी स्कॅन झाला आणि मेंदूत उजव्या बाजूला खोलवर २२ मिलीचा रक्तस्राव निघाला. तिथेच रक्तस्राव थांबवण्यासाठी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचं इंजेक्शन देऊन शहरात पाठवलं. दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये आकडा २६ मिली. बाराव्या दिवशीचा रिपोर्ट म्हणतो, गोठलेल्या रक्ताची गाठ विरघळत चालली आहे. मोठे बंधू म्हणतात औषध फुकट गेलं, कारण गाठ वाढली. आत्याचे यजमान म्हणतात औषधामुळेच गाठ विरघळली. आणि तुम्हाला वाटतंय, एकदा एमआरआय केला की सोक्षमोक्ष लागेल.

नाही लागणार. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी वीसेक वर्षं न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करतोय. हाच वाद माझ्या टेबलापलीकडे बसलेल्या दोन नातेवाइकांत कितीदा ऐकलाय. एक जण फिल्म ट्यूबलाइटकडे धरतो, दुसरा तीच फिल्म त्याच्या हातातून ओढून घेतो. गाठीचा आकार म्हणजे औषधाचं प्रगतिपुस्तक, हे मात्र दोघांनीही मनाशी पक्कं केलेलं असतं. तुमचा खरा प्रश्नही तिथेच आहे. स्कॅन रक्तस्रावाबद्दल सांगतो. औषधाबद्दल तो सहसा गप्प असतो.

काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहेत. वडील रक्त पातळ करण्याची गोळी घेत होते का, दोन स्कॅनच्या मधल्या काळात बीपी कुठे होतं, आणि ते आकडे कोणी, कसे मोजले, यावर माझं उत्तर थोडं इकडेतिकडे होईल. बाकीचं बऱ्यापैकी ठामपणे सांगता येतं.

आधी तो आकडाच बघू. २२ मिली हे वजनकाट्यावरचं माप नाही. बहुतेक ठिकाणी रेडिओलॉजिस्ट एक सोपं सूत्र वापरतात: स्कॅन मेंदूच्या ज्या चकत्या दाखवतो, त्यातल्या ज्या चकतीत गाठ सगळ्यात मोठी दिसते तिथली लांबी, त्याला काटकोनातली रुंदी आणि गाठीची उंची, तिन्ही सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि दोनाने भागायचं. समजा पहिल्या दिवशी ४.५, ३.२ आणि ३ सेंटिमीटर असं माप आलं. गुणाकार ४३.२, निम्मे २१.६, म्हणजे झाले २२ मिली. दुसऱ्या दिवशी ४.७, ३.४ आणि ३.३ आलं तर निम्मे होतात २६.४. म्हणजे तुमच्या घरात ज्यावरून भांडण चाललंय तो फरक आहे दोन ते तीन मिलिमीटरचा. डोकं किंचित तिरकं ठेवलं, कर्सर जरा बाहेर पडला, तरी एवढा फरक होतो. उंची तर चकत्या मोजून काढतात, आणि अनेक सेंटरवर एक चकती पाच मिलिमीटरची असते. शेवटच्या चकतीत अंधूक दिसणारं रक्त धरायचं की सोडायचं, यावरच तीन-चार मिली इकडचे तिकडे होतात. शिवाय हे सूत्र अंड्यासारख्या गोलसर गाठीला बरं लागू पडतं. वेडीवाकडी, फाटे फुटलेली गाठ असेल तर आकडा फुगतो.

म्हणूनच संशोधनात गाठ ‘वाढली’ म्हणायला एक उंबरठा ठरवून घेतात. साधारणपणे पहिल्या मापापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त, किंवा सहा मिलीहून जास्त वाढ झाली तरच ती वाढ. तुमच्या वडिलांची वाढ चार मिली, म्हणजे वीसेक टक्के. या हिशेबाने गाठ थांबली असंच धरलं जाईल. मोठ्या बंधूंचा मुद्दा इथेच ढिला पडतो.

एकदा एका निवृत्त शिक्षकांच्या मुलीने दोन वेगळ्या सेंटरचे रिपोर्ट माझ्यापुढे ठेवले. एकात २५ मिली, दुसऱ्यात ३४. तिचा चेहरा उतरलेला. मी दोन्ही सीडी घेतल्या आणि एकाच स्क्रीनवर, एकाच पद्धतीने मोजलं, तर आलं २७ आणि २८. दुसऱ्या ठिकाणी गाठीभोवतीची काळसर सूजही मापात धरली गेली होती. तेव्हापासून मी रिपोर्टमधल्या आकड्यांची वजाबाकी करत नाही, दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी उघडतो. तुम्हीही डॉक्टरांकडे जाताना कागदापेक्षा सीडी न्या.

आता आत्याच्या यजमानांकडे वळू, कारण त्यांची चूक जास्त मुरलेली आहे.

ब्रेन हॅमरेज म्हणजे एक नळ फुटला आणि संपलं, असं नसतं. बारीक धमनी फुटते, रक्त मेंदूत शिरतं, आणि काही रुग्णांत ते पुढचे काही तास झिरपत राहतं. अमेरिकेत सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी १९९७ साली यावर एक फार उपयोगी अभ्यास छापला. झटका आल्यापासून तीन तासांच्या आत ज्यांचा पहिला स्कॅन झाला, अशा १०३ रुग्णांचा त्यांनी एका तासाने आणि वीस तासांनी पुन्हा स्कॅन केला. पहिल्या तासाभरातच २६ टक्के लोकांची गाठ ठळकपणे वाढली होती. पुढे विसाव्या तासापर्यंत आणखी १२ टक्के लोकांची वाढली. उलटीकडून वाचा: सुमारे साठ टक्के लोकांमध्ये रक्त थांबवणारं कोणतंही खास औषध नसताना गाठ तिथल्या तिथे राहिली.

आता अशा माणसाला इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशीचा स्कॅन जवळपास तसाच आला, तर श्रेय कोणाला? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल. वडिलांची गाठ इंजेक्शनमुळे थांबली की तशीही थांबणारच होती, हे कळायला तेच वडील इंजेक्शनशिवाय पुन्हा त्याच पहाटेत नेऊन ठेवावे लागतील. ते जमत नाही. म्हणून हजारो लोकांची चिठ्ठी टाकून विभागणी करतात, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं सलाइन, आणि दोन्ही गटांचे स्कॅन अशा माणसाकडून मोजून घेतात ज्याला कोण कुठल्या गटातला हे ठाऊक नसतं. औषधाची परीक्षा स्कॅनवर घेता येते ती अशीच, गटावर. एका रुग्णावर नाही.

गटावर घेतल्या तेव्हा निकाल काय लागले, हे मात्र ऐकण्यासारखं आहे.

२००५ साली रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर सातच्या इंजेक्शनची चाचणी ३९९ रुग्णांवर झाली. गाठ कमी वाढली, आणि मृत्यूही कमी झाले: सलाइनवाल्यांत २९ टक्के, औषधवाल्यांत १८. मोठा उत्साह होता. मग ८४१ रुग्णांची मोठी चाचणी झाली, तिचं नाव फास्ट, निकाल २००८ साली. स्कॅनवर औषध परत जिंकलं: चोवीस तासांत गाठ सलाइनवाल्यांत सरासरी २६ टक्के वाढली, मोठा डोस मिळालेल्यांत फक्त ११ टक्के. आणि तीन महिन्यांनी? मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व सलाइनवाल्यांत २४ टक्के, मोठ्या डोसवाल्यांत २९. म्हणजे काडीचा फायदा नाही. वर धमन्यांत गुठळ्या होण्याचे प्रकार त्या डोसवर चार टक्क्यांवरून नऊवर गेले. हे औषध महागडं होतं आणि फोटोत देखणं दिसत होतं. रुग्ण मात्र होता तिथेच राहिला.

तुमच्या वडिलांना दिलेलं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड स्वस्त आणि जुनं औषध आहे. पाळीत जास्त रक्त जातं म्हणून बायकांना ज्या गोळ्या देतात, त्यात तेच असतं. त्याची एक मोठी चाचणी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमहून चालवली गेली, नाव टिच-२, निकाल २०१८ साली. १२ देशांतले २३२५ रुग्ण, झटक्यापासून आठ तासांच्या आत इंजेक्शन, एक ग्रॅम लगेच आणि एक ग्रॅम पुढच्या आठ तासांत थेंबथेंब. दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनवर गाठ वाढलेले लोक औषधवाल्यांत २५ टक्के, सलाइनवाल्यांत २९. सातव्या दिवसापर्यंतचे मृत्यू ९ टक्के विरुद्ध ११. नव्वदाव्या दिवशी मात्र मृत्यू जवळपास सारखे, २२ आणि २१, आणि चालणं-बोलणं-स्वतःचं स्वतः करणं यातही फरक पकडता आला नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं ते चुकलं असं मी म्हणणार नाही. धोका कमी, खर्च कमी, आणि वेळेत दिलं. पण त्याने वडील वाचले असं छातीठोकपणे म्हणायला आधार नाही.

स्कॅनवर फायदा आणि माणसाला नाही, असं का होत असेल? माझा तर्क असा. रक्त पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात मेंदूच्या ज्या तारा तोडतं त्या तुटल्याच. औषध पोचतं त्यानंतर आणि वाचवतं सरासरी जेमतेम काही मिली, समजा चार. ते चार मिली कुठे वाचले यावर सगळं आहे. कपाळामागच्या भागात चार मिली कमी-जास्त झाले तर कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही. मेंदूच्या खोडात तेवढ्यावर जीव जातो. आकडा दोन्हीकडे एकच लिहिला जातो.

स्कॅनचा दुसराही एक उपयोग या चाचण्यांत होतो आणि तो मला जास्त प्रामाणिक वाटतो: औषधाने अपाय केला का ते बघणं. रक्त थांबवणारं औषध दुसरीकडे रक्त गोठवेल, ही भीती रास्त आहे. टिच-२ मधल्या दोनशेच्या वर रुग्णांचा म्हणून एमआरआय केला गेला. एमआरआयमध्ये एक अशी पद्धत असते की रक्तपुरवठा नुकताच तुटलेला मेंदूचा ठिपकाही चांदणीसारखा चमकतो. दोन्ही गटांत पाचातल्या साधारण एकाला असे ठिपके होते. औषधवाल्यांत जास्त नव्हते. सिटीवर ते बहुधा दिसलेच नसते.

फोटोत फायदा दिसत नाही पण माणसाला होतो, असं उलट उदाहरणही आहे, ते दुसऱ्या जातीच्या रक्तस्रावातलं. मेंदूच्या आवरणाखाली, बहुतेकदा धमनीचा फुगा फुटून होणाऱ्या रक्तस्रावात आठवडाभराने धमन्या आवळतात. निमोडिपिन नावाची गोळी दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम, २१ दिवस देतात. ब्रिटनमध्ये १९८९ साली ५५४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत वाईट परिणाम झालेले रुग्ण ३३ टक्क्यांवरून २० वर आले. गंमत अशी की अँजिओग्राफीत धमन्या या गोळीने फारशा मोकळ्या झालेल्या दिसतच नाहीत. पुढे क्लॅझोसेंटन नावाचं औषध आलं. त्याने चित्रात आवळलेल्या धमन्या झकास उघडल्या. मग २०११ साली हजाराहून जास्त रुग्णांच्या चाचणीत बघितलं, तर माणसं काही त्यामुळे जास्त बरी झाली नाहीत. मी निवासी डॉक्टरांना शिकवताना या दोन औषधांची नावं फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही.

आता बाराव्या दिवसाचा स्कॅन. ताजं गोठलेलं रक्त सिटीवर पांढरं दिसतं, कारण त्यातल्या हिमोग्लोबिनच्या प्रथिनामुळे ते भोवतालच्या मेंदूपेक्षा घट्ट असतं. दिवसागणिक शरीर ते प्रथिन मोडत जातं, पांढरा रंग कडेकडेने विरत आत सरकतो आणि दोन-तीन आठवड्यांत गाठ मेंदूच्याच करड्या रंगाची होते. याला कुठलंही औषध लागत नाही. आणि गंमत बघा, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचं काम गाठ विरघळवण्याचं नाहीच. ते बरोबर उलटं, झालेली गुठळी मोडू न देण्याचं. आत्याच्या यजमानांना एवढं जरूर सांगा, फक्त जेवताना नको. पांढरं गेलं म्हणजे गाठीची जागा रिकामी झाली असंही नाही. भोवतालची सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत भराभर वाढते आणि पुढे दोन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकते. म्हणून ‘रिपोर्ट सुधारला पण बाबा अजून झोपाळूच’ हे ऐकून मला नवल वाटत नाही.

इथवरचं थोडक्यात: चार मिलीचा फरक मोजमापाच्या चुकीत बसतो, थांबलेली गाठ आपोआपही थांबलेली असू शकते, आणि विरलेली गाठ काळाने विरलेली असते.

मग आम्ही पुन्हा पुन्हा स्कॅन करतोच कशाला, असं तुम्ही विचाराल. खर्च तुमचा, तेव्हा विचारायलाच हवं. मी पहिला स्कॅन लवकर झालेला असेल तर सहा तासांच्या आसपास आणि मग चोवीस तासांनी एकदा बघतो. मध्ये माणूस जास्त गुंगीत गेला, उलट्या झाल्या, डोळ्याची बाहुली मोठी झाली तर घड्याळ न बघता लगेच. प्रत्येक वेळी मनात प्रश्न एकच असतो: या फोटोवरून मी आज काही वेगळं करणार आहे का? गाठ वाढत असेल तर न्यूरोसर्जनला उठवायचं. मेंदूतल्या पाण्याची वाट अडली असेल तर नळी टाकायची. काहीच बदललं नसेल आणि तरी माणूस ढासळत असेल तर दुसरीकडे शोधायचं. गेल्या पावसाळ्यात एक आजोबा पाचव्या दिवशी उठेनात. स्कॅन पहिल्यासारखाच. नातेवाईक मॅनिटॉल, म्हणजे मेंदूची सूज उतरवणारं सलाइन, वाढवा म्हणून मागे लागले होते. रक्त तपासलं तर सोडियम ११८, म्हणजे फारच कमी. ते हळूहळू वर आणलं आणि आजोबांनी चहा मागितला. त्या दिवशी स्कॅनने मदत केली ती ‘इथे काही नाही’ एवढं सांगून.

एका गटाच्या बाबतीत माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, आणि म्हणून मी सुरुवातीला रक्त पातळ करण्याच्या गोळीचं विचारलं. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम चालू असेल तर गाठ दुसऱ्या दिवशीही वाढू शकते. तिथे व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणारे घटक देऊन आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, खाली आणायचा आणि मग स्कॅन बघायचा, असं जोडीने चालतं. इथे औषध काम करतंय का याचं उत्तर आयएनआर आधी देतो, स्कॅन मागाहून. नव्या गोळ्यांवरच्या, म्हणजे ॲपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन घेणाऱ्या रुग्णांसाठी अँडेक्सानेट या उताऱ्याची चाचणी २०२४ साली छापून आली. बारा तासांनंतर रक्तस्राव ताब्यात असलेले ६७ टक्के, नेहमीच्या उपचारांत ५३. त्याच चाचणीत गुठळ्यांचे प्रकार मात्र १० टक्के विरुद्ध साडेपाच, आणि त्यात नव्याने रक्तपुरवठा तुटून आलेले लकवेही होते. ही चाचणी वाचताना मला २००८ ची फास्ट चाचणी आठवल्याशिवाय राहिली नाही.

तुमच्या वडिलांच्या फाइलमध्ये मी स्कॅनच्या आधी एक कागद शोधला असता: पहिल्या दिवसाचा बीपीचा तक्ता. २०२३ साली इंटरॅक्ट-३ नावाची चाचणी आली, दहा देशांतले सात हजार रुग्ण, त्यात भारतातलेही. तिथे कुठलं नवं औषध नव्हतं. वरचं बीपी तासाभरात १४० च्या खाली, साखर ताब्यात, ताप उतरवायचा, रक्त पातळ असेल तर ते दुरुस्त करायचं, एवढं सगळं एकदम आणि ठरवून केलं. रुग्णांची सहा महिन्यांनंतरची स्थिती त्याने सुधारली. ते सुधारलेलं माणसांत मोजलं, फोटोत नाही. म्हणून बंधूंनी डॉक्टरांना विचारायचंच असेल तर ‘औषध का लागू पडलं नाही’ असं न विचारता ‘पहिल्या काही तासांत बीपी किती होतं आणि ते किती वेळात खाली आलं’ हे विचारावं.

आणि तो एमआरआय. औषधाचा न्याय करायला नका करू. कारण शोधायला करायचा असेल तर ते वेगळं. चौसष्ट वर्षं, जुनं बीपी, खोलवरची गाठ, या तिन्हीत बीपी हेच कारण बहुतेकदा निघतं. गाठ मेंदूच्या पृष्ठभागाजवळ असती, किंवा वय चाळीशीच्या आतलं असतं, तर मीच आग्रह धरला असता. तरी करायचा असेल तर आत्ता नको, दोन-तीन महिन्यांनी करा. आत्ता रक्ताच्या पडद्यामागे काही दडलं असेल तर ते झाकलेलंच राहील. जुन्या रक्तस्रावाच्या खुणा दाखवणारी पद्धत त्यात घ्यायला सांगा. तिच्यात मेंदूत विखुरलेले जुने बारीक रक्तठिपके दिसले तर पुढे कधी रक्त पातळ करण्याची गोळी लागली तेव्हा डॉक्टरांना त्याचा विचार करावा लागेल. त्या ठिपक्यांत लोह साठलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच दिसत राहतं. इंजेक्शन दिलं होतं की नाही, हे मात्र त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

तालुक्याच्या पहिल्या स्कॅनची सीडी अजून मिळवली नसेल तर या आठवड्यात मिळवा. काही सेंटर जुना डेटा फार काळ ठेवत नाहीत, आणि तीन महिन्यांनी शेजारी ठेवायला आपल्याला नेमकी तीच लागेल.